खोलीतले चार आणि पडद्यावरचे सात : मीटिंग नेमकी कुठे होते?

सांजवेळ (धागाकर्ती)

आमच्या टीममध्ये अकरा जण आहेत. तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर, असा नियम लागून आता वर्ष होईल. कुठले तीन दिवस यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, अशी मोकळीक मीच दिली होती. सगळ्यांच्या घरच्या अडचणी वेगळ्या, मग वार आपण का लादायचे, असं वाटलं होतं. आता वाटतंय की घोळ तिथेच झाला.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. मंगळवारी सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजच्या नियोजनाची मीटिंग होती. हिंजवडी फेज ३ च्या ऑफिसात आम्ही चौघं, बाकीचे सात पडद्यावर. मीटिंग रूममध्ये लांब टेबल, एका टोकाला टीव्ही आणि त्याच्यावर कॅमेरा. दुसऱ्या टोकाला व्हाइटबोर्ड, म्हणजे बोर्डाकडे तोंड केलं की टीव्हीकडे पाठ होते. आमचा एक सहकारी मिरजेहून काम करतो. आईला सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून कंपनीने त्याला घरून काम करायची खास परवानगी दिली आहे. डेटाबेसचं सगळं काम त्याच्याकडे. डेटाबेसमधलं एक मोठं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, फोडून दोन करायची का, यावर आमचं बोलणं चाललं होतं. आम्ही चौघं बोर्डावर चौकोन काढत होतो, पुसत होतो, परत काढत होतो. अर्ध्या तासाने कॉल संपवला आणि खाली चहाला गेलो. टपरीवर उभ्याउभ्या ठरलं, फोडायचं. वर येऊन कामं वाटून घेतली.

संध्याकाळी चॅट उघडली तर त्याचे चार मेसेज पडून होते. पहिला, "बोर्ड दिसत नाहीये." दुसरा, "ताई, एक मिनिट, असं केलं तर रात्रीचा जॉब अडेल." (जॉब म्हणजे रात्री आपोआप चालणारं डेटाबेसचं काम.) तिसरा, "माझा आवाज येतोय का?" चौथ्यात शब्दच नव्हते, नुसतं वर केलेल्या हाताचं चिन्ह.

सकाळच्या कॉलनंतर कुणीतरी टीव्हीचा आवाज शून्यावर नेऊन ठेवला होता. पडद्यावरून अर्धा तास कुणाचाच आवाज आला नाही, आणि हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी रात्रीचा जॉब अडला. ते निस्तरता येतं. पण तो तिसरा मेसेज माझ्या मनातून जात नाही.

मार्च २०२० ते २०२२ पर्यंत आम्ही सगळेच पडद्यावरच्या चौकोनात होतो. तेव्हा वैताग आला होता, पण चौकोन तरी सगळ्यांचे सारखे होते. आता चौघं एका खोलीत आणि सात जण चौकोनात, हा प्रकार मला सगळे खोलीत किंवा सगळे चौकोनात, या दोन्हीपेक्षा वाईट वाटतो. ऑफिसात यायचं असेल तर येण्याला काही अर्थ हवा, आणि जो येऊ शकत नाही त्याची खुर्ची त्या खोलीत असायला हवी. हे प्रत्यक्षात कसं जमवायचं? तुमच्याकडे काय करता? मनापासून विचारते आहे.

---

डोंबिवलीकर

तुमचा प्रसंग वाचून आमचीच मीटिंग रूम डोळ्यांपुढे आली.

माझं ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. डोंबिवलीहून फास्ट लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, पुढे चालत. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन तीन तास, पाऊस नसेल तर. १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोस घेतलेल्यांसाठी लोकल खुली झाली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात पास काढला होता. दीड वर्ष घरात बसून माणसं बघायची भूक लागली होती. प्रवासाला माझी ना नव्हती, आजही नाही.

मला खुपतं ते वेगळंच. मी ऑफिसात पोचतो आणि माझी टीम असते बेंगळुरू, नोएडा आणि पुण्यात. आजूबाजूला बसलेल्यांचं काम माझ्या कामाशी जोडलेलंच नाही. हेडफोन लावून दिवसभर कॉलवर. घाटकोपरच्या जिन्यावर धक्के खात यायचं ते हेडफोन लावून बसायला? हे घरच्या टेबलावरही झालं असतं आणि मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडताही आलं असतं. हजेरी मोजायची तर एका कामावरची माणसं एका जागी किती वेळ आली ते मोजा. दारावरचे स्वाइप मोजून काय कळणार?

---

गवतफूल

मी दुसरी बाजू मांडते, कारण इथे बरेच जण आधीच स्थिरावलेले आहेत.

ऑगस्ट २०२१ मध्ये मला पहिली नोकरी लागली. लॅपटॉप कुरिअरने लातूरला घरी आला. नऊ महिने मी एकाही सहकाऱ्याला पाहिलं नव्हतं. काही अडलं की चॅटमध्ये प्रश्न लिहायचा, मग वाटायचं की फारच साधं विचारतेय, पुसून टाकायचा. संध्याकाळपर्यंत तसंच अडून बसायचं. वडील विचारायचे, काम कसं चाललंय? छान चाललंय, म्हणायचे.

मे २०२२ मध्ये पुण्याला आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरची सीनियर पाणी प्यायला उठली, जाता जाता माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा एरर मलाही एकदा आठवडाभर छळत होता, सरक." खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटांत सुटलं. मी तिला काही विचारलंच नव्हतं, तिला दिसलं. ऑनलाइन कॉलवर मी अडकलेली कुणाला दिसणार?

म्हणून सांजवेळताई, नवीन मुलांना एकटं येऊ देऊ नका. ती ऑफिसात येतील त्या दिवशी त्यांना शिकवणारं माणूस तिथे हवं. रिकाम्या मजल्यावर बसून आम्ही काय शिकणार?

---

कोकणवाट

गवतफूल, अगदी खरं. अनुमोदन.

---

आकडेमोड

यावर एक चांगला अभ्यास झाला आहे, कदाचित काहींनी वाचला असेल. ट्रिप डॉट कॉम या शांघायच्या चिनी प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग केला. वाढदिवसाची तारीख विषम असलेल्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा दिली, सम तारखेवाल्यांनी पाचही दिवस ऑफिसात यायचं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये तो 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम करणाऱ्या, गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक-तृतीयांशाने घटलं, आणि बढती किंवा कामाचं मूल्यमापन यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सगळ्यात जास्त फायदा झाला तो बायकांना, व्यवस्थापक नसलेल्यांना आणि लांबून येणाऱ्यांना.

या धाग्याच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं ते हे की घरून कामाचे वार तिथे सगळ्यांचे एकच होते. विषम तारखेवाले सगळे ठरलेल्या दोन दिवशी घरी, आणि उरलेले तीन दिवस झाडून सगळे एकत्र. आपण 'तीन दिवस-दोन दिवस' तेवढं उचललं, वार जुळवणं राहून गेलं.

---

डोंबिवलीकर

पण शांघायमधला अभ्यास आपल्याकडे जसाच्या तसा कसा लागू करायचा? तिथल्या ट्रेन वेगळ्या, घरं वेगळी. आमच्या वनरूम किचनमध्ये दोघं कॉलवर असलो की एकाला गॅलरीत जावं लागतं.

---

आकडेमोड

जसाच्या तसा नाहीच लागू होणार, मान्य. घराच्या आकाराचा मुद्दा तर फार मोठा आहे. घरून काम ही चैन आहे असं वरचे अधिकारी म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची स्वतःची स्टडी रूम असते. पण लांबून येणाऱ्यांना फायदा जास्त, हा निष्कर्ष मुंबई-पुण्याला पटण्यासारखा आहे.

---

नियमावली

मी एका आयटी पार्कमध्ये अनुपालनाचं, म्हणजे सरकारी नियम पाळले जातात ना ते बघण्याचं, काम करते. ऑफिसला का बोलावतात, यावर लोक व्यवस्थापकांवर रागावतात, म्हणून थोडी माहिती.

हिंजवडीतल्या बऱ्याच इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे एसईझेडमध्ये येतात. तिथल्या सवलती त्या जागेशी बांधलेल्या असतात, माणसं जागेवर बसून काम करतील हे गृहीत धरून. घरून कामाला त्या नियमांत धड जागाच नव्हती. जुलै २०२२ मध्ये केंद्राने नियम ४३-अ आणला आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना एका वर्षापर्यंत घरून काम करायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निम्म्यांची अट सैल करून सगळ्यांना मुभा दिली. दर वेळी मुदत संपत आली की आमच्याकडे याद्यांची धावपळ व्हायची. लॅपटॉप झोनच्या बाहेर गेला तर त्याचीही नोंद ठेवावी लागते.

कंपन्यांची मतंही झपाट्याने बदलली. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच माणसं ऑफिसात लागतील, असं टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी बहुतेकांना पाचही दिवस बोलावलं. मधल्या काळात कितीतरी जणांनी गावाकडे घरं दुरुस्त केली, मुलांना तिथल्या शाळेत घातलं. माझ्या ओळखीतली तीन कुटुंबं अशी आहेत. त्यांचं आर्थिक गणित कोलमडलं आणि ते कुणीच भरून दिलं नाही.

---

ओंजळ

या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होते.

मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, उजव्याला यंत्र आहे. २०२० च्या आधी दहा वर्षं मी मीटिंगमध्ये ओठ वाचून काम भागवलं. सगळे हसले की हसायचं, आणि नंतर मैत्रिणीला विचारायचं, काय ठरलं? ऑनलाइन मीटिंगा सुरू झाल्या आणि पडद्यावर बोललेलं अक्षरांत उमटायला लागलं. मराठी-इंग्रजी मिसळलं की त्यात चुका व्हायच्या, तरी कोण बोलतंय आणि काय बोलतंय ते मला त्याच क्षणी कळायला लागलं. नोकरीत पहिल्यांदा मी मीटिंगमध्ये मध्येच बोलले, तो महिना मला आठवतो.

आता परत खोलीत. पाच जण एकाच वेळी बोलतात, कुणी बोर्डाकडे वळून बोलतं, कुणी तोंडासमोर कप धरून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कामाच्या जागी वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे, पण एवढ्याशा गोष्टीसाठी कायदा दाखवायला जिवावर येतं. मी एकच मागणं केलं, की खोलीत असलो तरी कॉल चालू ठेवा आणि अक्षरं टीव्हीवर दिसू द्या. मॅनेजरने लगेच हो म्हटलं. पंधरा दिवस तसं झालं. मग विसरले. दर वेळी आठवण करून द्यायची म्हणजे दर वेळी सगळ्यांना थांबवायचं. ते माझ्याच्याने होत नाही.

---

सांजवेळ (धागाकर्ती)

ओंजळ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. टीव्हीवर अक्षरं चालू ठेवणं हा आमच्या खोलीचा कायमचा नियम करते, कुणी मागो न मागो. म्हणजे आठवण करून देण्याचं ओझं कुणा एकावर पडणार नाही. शिवाय अक्षरं उमटतायत आणि आवाज येत नाही असं झालं की टीव्हीचा आवाज बंद असल्याचंही आम्हाला कळेल.

---

खानावळ

आयटीत नाही मी, पण हिंजवडीतच वाढलो. आईबाबांची माणजवळ मेस आहे. तुमच्या हायब्रिडचा हिशोब आमच्या कणकेत दिसतो, म्हणून लिहितो.

मार्च २०२० मध्ये ऐंशी डबे होते, एका आठवड्यात चारवर आले. तेही सिक्युरिटीवाल्यांचे. दोन वर्षं कशी काढली ते आम्हाला माहीत. आता गिऱ्हाईक परतलं, पण वारांवर. मंगळवार, बुधवार, गुरुवार तीनशे पोळ्या लागतात. सोमवारी दीडशे. शुक्रवारी सत्तरसुद्धा संपत नाहीत. महिन्याचा डबा आता कुणी लावत नाही, रोजचे पैसे देतात. पोळ्या लाटायला दोन मावशी येतात, त्यांना सोमवार-शुक्रवारी काय सांगायचं? आई त्यांना पूर्ण महिन्याचे पैसे देते, आणि ते कुठून येतात तेही मला दिसतं.

तक्रार म्हणून सांगत नाही. फक्त वार ठरवाल तेव्हा ठरल्यासारखे ठेवा, एवढंच वाटतं. दर आठवड्याला बदलले की कणीक वाया जाते.

---

टेम्सकाठी

मी लंडनजवळ असतो, मूळचा सातारचा. इकडे ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा आणि जागा यांत लवचीकता मागण्याचा हक्क मिळाला आहे. वर्षात दोनदा अर्ज करता येतो, मालकाला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, आणि नकार द्यायचा तर आधी तुमच्याशी बोलावं लागतं. हक्क फक्त मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. तरी मागितलं म्हणून कुणी वाकडं बघत नाही, यानेच पुष्कळ फरक पडतो.

आमच्या टीमचा नियम सोपा आहे. एक जरी माणूस पडद्यावर असेल तर सगळ्यांनी आपापला लॅपटॉप उघडून आपापल्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, एकाच ऑफिसात असलो तरी. सुरुवातीला खुळ्यासारखं वाटलं. शेजारी बसलेल्याचा आवाज दोनदा ऐकू येतो, म्हणून एक जण सोडून बाकी सगळ्यांनी माइक आणि स्पीकर बंद ठेवावे लागतात. आता सवय झाली.

---

मोरपीस

माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती कायद्यात सव्वीस आठवड्यांची रजा आली ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच दुरुस्तीत, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल, असंही आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. माझ्या एचआरला हे मीच वाचून दाखवलं. ज्यांना लागेल त्यांनी वाचून ठेवा, एवढंच सांगायला आले.

---

जुनं खातं

मी बँकेतून निवृत्त. आम्हाला घरून काम कधीच नव्हतं, लॉकडाउनमध्येही काउंटर चालू होते. पण सध्या सोसायटीचा सचिव आहे आणि तुमची अडचण आमच्या वार्षिक सभेत जशीच्या तशी आली, म्हणून लिहितो.

कोरोनात सभा ऑनलाइन झाली तेव्हा बेंगळुरू, कॅनडा, कुठून कुठून सभासद हजर राहिले. एरवी वीस डोकी जमवताना नाकीनऊ येतात. पुढे सभा परत गच्चीवर घ्यायला लागलो, आणि बाहेरगावच्यांसाठी खुर्चीवर लॅपटॉप ठेवला. पंख्याचा आवाज, वर मंडप फडफडतोय. कॅनडातल्या बाईंच्या फ्लॅटमध्ये वरून गळती होती. त्या तीन वेळा बोलल्या आणि तिन्ही वेळा पार्किंगच्या वादात त्यांचं बोलणं बुडालं. नंतर त्यांनी मला फोन केला. "काका, मी हात वर करून बसले होते हो," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीला लॅपटॉपशेजारी बसवलं. काम एकच. पडद्यावर कुणी हात वर केला की हिने उभं राहायचं. ती उभी राहिली की बोलणारा थांबतो. माणूस उभा राहिला की दुर्लक्ष करता येत नाही. तेवढ्याने सभा सुधारली. तुमच्या खोलीत असं कुणी नेमता आलं तर बघा.

---

कृष्णाकाठ

मी सांगलीहून काम करतो, सांजवेळताईंच्या त्या सहकाऱ्यासारखाच.

खोलीत बसलेल्यांना एक गोष्ट दिसत नाही. कॉल संपला की तुम्ही हसत उठता, खुर्च्या सरकतात, आणि ऐन त्या वेळी स्क्रीन काळी होते. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं, हे आम्हाला पक्कं माहीत असतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "आपलं ठरलं होतं ना?" त्या 'आपलं' मध्ये मी नसतो. अप्रेझलच्या वेळी ऐकायला मिळतं की पुढाकार कमी पडतो. पुढाकार घ्यायला निर्णय आधी कानावर तर यायला हवा!

उपकार नकोत आम्हाला. टपरीवर ठरलं तर ठरू दे, पण तिथल्या तिथे दोन ओळी चॅटवर टाका, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पक्कं समजू नका. तेवढ्या वेळात आम्ही वाचतो, हरकत असेल तर सांगतो.

आणि वर्षातून चार-सहा वेळा आम्हाला बोलवा. खर्च द्या, दिवस आधी सांगा. मला यायला आवडतं. सहकाऱ्यांसोबत एकदा जेवलं की पुढचे तीन महिने चॅटवरचं बोलणं बदलतं. कोरड्या 'ओके' ला समोरचा रागावलाय असं वाटत नाही, त्याचा चेहरा माहीत असतो.

---

सांजवेळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद टीमला वाचून दाखवले, नावं न घेता. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगते.

ऑफिसचे वार आता सगळ्यांचे एकच आहेत, मंगळवार, बुधवार, गुरुवार. दोघांनी कुरकुर केली. एकीच्या मुलीचा गुरुवारी नाचाचा क्लास असतो, तिला त्या दिवशी चारला निघायची मुभा दिली. चांदणी चौकाचा नवा पूल झाला तरी पुढे वाकडपर्यंत गाडी सरकतच नाही, म्हणून सकाळी अकराच्या आधी एकही मीटिंग ठेवत नाही. बुधवारी हेडफोन लावायचे कॉल नाहीत. तो दिवस बोर्डापुढे उभं राहून करायच्या कामाचा, आणि नव्या दोन मुलींच्या शेजारी कुणीतरी खुर्ची ओढून बसण्याचा.

पडद्यावर एक जण असला तरी सगळे लॅपटॉप उघडे आणि अक्षरं चालू. जुनं खातं काका, तुमची युक्ती घेतली. पाळीपाळीने एक जण फक्त पडद्याकडे बघतो. पहिल्या आठवड्यात ज्याची पाळी होती तो उठलाच नाही, लाजला. दुसऱ्या आठवड्यात उठला आणि मी वाक्याच्या मध्येच थांबले. चहाच्या वेळचे निर्णय लगेच चॅटवर जातात, पण हे अजून नीट जमत नाही, परवाच एक राहून गेला. मिरजेच्या सहकाऱ्याने विचारलं तेव्हा कळलं. तो विचारतो आहे, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

त्याच्याशी फोनवर तासभर बोलले. माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, मला वाटलं माझंच नेट गेलंय." त्या अर्ध्या तासात त्याने दोनदा राउटर बंद करून चालू केला होता.

महिन्यातून एका बुधवारी तो पुण्याला येणार आहे. सोमवारी आणि गुरुवारी आईचं डायलिसिस, म्हणून बुधवार. त्या दिवशी आईजवळ त्याची बहीण थांबेल. मंगळवारी रात्रीच्या एसटीने निघून पहाटे स्वारगेटला उतरेल, आणि बुधवारी संध्याकाळच्या गाडीने परत, म्हणजे गुरुवारी सकाळी घरी. कोथरूडला माझ्याकडे आंघोळ, नाश्ता करून आम्ही बरोबरच ऑफिसला जाऊ. बोर्डाचे मार्कर सगळे सुकले आहेत, तेवढे आज आणायचे आहेत.